मुलीचे वसतिगृह की मुलींचे?

शाळांत तिसरी भाषा म्हणून हिंदी आणणाऱ्या त्रिभाषा सूत्राचे महाराष्ट्रातील दोन्ही शासन निर्णय २९ जून २०२५ रोजी रद्द झाले, परंतु हिंदीवरून पेटलेल्या त्या वादात, २००० सालापासून राज्यात पहिलीच्या वर्गापासून शिकवली जाणारी इंग्रजी कशी शिकवावी, हा प्रश्न बाजूलाच राहिला. नंदुरबार जिल्ह्यात पावरी, मावची किंवा अहिराणी बोलत शाळेत येणाऱ्या मुलाला आधी प्रमाण मराठीच शिकावी लागते. इंग्रजी त्याही पुढची.

षष्ठीचेच उदाहरण घ्या. षष्ठी, म्हणजे दोन नामांतील संबंध दाखवणारी विभक्ती, या मुलाला घरच्या भाषेतूनच ठाऊक असते. मराठीत ‘मुलाचा डबा’, ‘मुलाची वही’ असा प्रत्यय वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतो, अहिराणीतही ना, नी, नं असे भेद आहेत. इंग्रजीत मात्र वस्तू कोणतीही असो, नामाला ‘एस’ लागतो आणि त्याच्यासोबत अपॉस्ट्रॉफी, म्हणजे ओळीच्या वरच्या अंगाला काढलेले स्वल्पविरामासारखे चिन्ह, येते. जुन्या इंग्रजीतील ‘एस’पूर्वीचा ‘ई’ गळाला, त्या लोपाची ही खूण आहे.

खरी अडचण चिन्हाच्या जागेची आहे. ‘गर्ल’ या शब्दानंतर लगेच, ‘एस’च्या आधी, चिन्ह दिले तर वसतिगृह एकाच मुलीचे ठरते आणि ‘एस’च्या नंतर दिले तर अनेक मुलींचे; उच्चार दोन्हींचा सारखाच असल्याने कान येथे काहीच मदत करत नाही. मराठीत हेच काम अनुस्वार करतो आणि तो ऐकूही येतो. म्हणूनच १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, तरी अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार कायम ठेवला. आदिवासी मुलींच्या शासकीय वसतिगृहाच्या फलकावर ‘मुलीचे’ असे रंगवले गेले, तर वाटसरूही चूक दाखवील. इंग्रजी फलकावरील तशीच चूक मात्र वर्षानुवर्षे खपून जाते, आणि हे योग्य नाही. ‘विमेन’सारख्या, मुळातच ‘एस’विना अनेकवचनी असलेल्या शब्दाला मात्र चिन्ह ‘एस’च्या आधीच लागते.

इंग्लंडमध्येही नॉर्थ यॉर्कशायरच्या परिषदेने रस्त्यांच्या पाट्यांवरून हे चिन्ह वगळण्याचे ठरवले, तेव्हा २०२४ साली लोकांनी विरोध केला. म्हणजे ज्यांची ती मातृभाषा आहे, त्यांच्यातही या चिन्हावर एकमत नाही; त्यामुळे चिन्ह अवघड आहे म्हणून मुलांना कमी लेखण्याचे कारण नाही. दोष नियम पाठ करून घेण्याच्या पद्धतीत आहे. इंग्रजीच्या शिक्षकांनी हा धडा ‘मुलीचे’ आणि ‘मुलींचे’ या जोडीपासून, आणि जेथे वर्ग अहिराणी बोलतो तेथे ‘ना’ आणि ‘नी’पासून, सुरू करावा.