बोडीतले गडी आणि समुद्र

मालवणला निघालेले चार मित्र परवा दवाखान्यात उलटीच्या गोळ्या न्यायला आले. होडीने सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा आणि तिथल्या ‘राणीची वेळा’ या शांत पुळणीवर डुंबायचे, असा बेत होता. “पोहण्याचे काय, डॉक्टर! आम्ही बोडीतले गडी!”

वाचकहो, धोका इथेच आहे. बोडीचे पाणी जागेवर असते, समुद्राचे ओढते. किनाऱ्यावर आलेल्या लाटांचे पाणी अरुंद वाटेने जोरात परत जाते. तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून नेमका तोच पट्टा शांत दिसतो. मुरूडच्या समुद्रात 1 फेब्रुवारी 2016 रोजी सहलीला आलेले पुण्याचे 14 विद्यार्थी बुडाले.

ओढ लागल्यास काठाकडे झुंजू नये, दम संपतो. तरंगत राहावे, हात वर करून हाक मारावी. जमल्यास काठाला समांतर पोहून ओढीबाहेर पडावे. दारू पिऊन तर पाण्यात उतरूच नये.

बुडालेल्याचे पोट दाबत बसू नये. श्वास बंद असल्यास तोंडाने श्वास द्यावा, छातीच्या मध्यभागी दाब द्यावा; दुसऱ्याने 108 ला फोन करावा. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यावेच. धाप काही तासांनीही लागू शकते.

आणि उतरण्यापूर्वी होडीवाल्याला विचारा. तो ‘नको’ म्हणाला, तर पाय भिजवून परत या.