कार्बोरेटर उघडण्याआधी

आज आपण पद्मिनी, अॅम्बेसेडर, सुरुवातीच्या काळातल्या मारुती ८०० अशा जुन्या गाड्यांच्या कार्बोरेटरबद्दल बोलणार आहोत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. गाड्यांबरोबर त्यांचे जाणकार मिस्त्रीही कमी होत चाललेत. पाथरीसारख्या गावात ज्यानं जुनी गाडी जपलीय, त्याला निम्मं काम स्वतःलाच समजलं पाहिजे.

एक गोष्ट आधीच सांगतो. गाडी झटके खायला लागली, की सगळे म्हणतात, ‘कार्बोरेटर गेला.’ आमच्याकडे एक पद्मिनी आली होती. दोन ठिकाणी कार्बोरेटर खोलून झाला होता, पैसे गेले होते. दोष काय निघाला? टाकीकडून पंपाकडे येणारा रबरी पाइप चिरला होता. पेट्रोलऐवजी हवा ओढली जात होती. म्हणून आमचा नियम असा : कार्बोरेटर उघडायचा तो सगळ्यात शेवटी.

आता हे यंत्र करतं काय? मधे अरुंद गळा असतो. तिथून हवा जोरात जाते, दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल ओढलं जातं. पेट्रोलची पातळी राखायला आत फ्लोट असतो, अगदी घरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलसारखा. आणि जेट म्हणजे कापसावर फवारणी करताना पंपाला असतं ते नोझल समजा. त्यात कणभर कचरा अडकला तरी काम बिघडतं.

तपासणी कशी करायची? इंजिन बंद ठेवा, एअर फिल्टर काढा, बॅटरीच्या उजेडात गळ्यात बघा आणि हातानं अॅक्सिलरेटरचा दांडा दाबा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली, तर पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचतंय. धार नाही आली, तर आधी टाकी, पाइप, फिल्टर आणि पंप बघा. जवळपास विडी, काडी काहीही नको. ही गंमत नाही, गाडी पेटते.

मग प्लग काढा. टोक तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. काजळी धरलेली असेल, काळा धूर, पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल जास्त जातंय : चोक अडकलाय, एअर फिल्टर तुंबलाय किंवा फ्लोटची निडल नीट बसत नाही. टोक पांढरं पडलं असेल तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. कार्बोरेटरखालचं गॅस्केट आणि व्हॅक्यूमचे पाइप बघा. गाडी रेसवर चालते पण स्लोवर थांबत नाही, तर बहुतेक वेळा स्लो जेट बंद असतो. तो हवेनं किंवा क्लीनरनं साफ करा, तार घालू नका. पितळ मऊ असतं. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, एवढा तो बारीक हिशोब. एकदा भोक मोठं झालं, की तो जेट गेला.

आपल्याकडचा खास त्रास म्हणजे ऊन. मे महिन्यात भर दुपारी मानवतला निघालात आणि गाडी मधेच बंद पडली, अर्ध्या तासानं आपोआप सुरू झाली, तर पाइपात किंवा पंपात पेट्रोलची वाफ झाली असं समजा. बॉनेट उघडा, पंपावर ओला फडका ठेवा. तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपाजवळून पेट्रोलचा पाइप जात असेल, तर तो लांब घ्या. इथं कार्बोरेटर खोलून काही मिळत नाही.

शेवटचा मुद्दा नवा आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. आपल्या भागात ऊस पिकतो, त्याच उसापासून ते होतं, त्यामुळे त्याच्याशी भांडण नाही. पण एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. नव्या गाडीत सेन्सर असतो, तो पेट्रोल वाढवून घेतो. कार्बोरेटरला हे कळत नाही, मिश्रण पातळ होतं, गाडी पिकअपला अडखळते. शिवाय जुनं रबर, पंपाचा पडदा फुगतो किंवा कडक होतो. इथेनॉल पाणीही धरतं. म्हणून रबरी भाग इथेनॉलला टिकणारे बसवा आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीनं उभी ठेवू नका. मिश्रणाचा स्क्रू इंजिन गरम झाल्यावरच, हलक्या हातानं फिरवा. पण तो फक्त स्लो सुधारतो. पुढचा उपाय म्हणजे जेटचा आकडा वाढवणं, तो जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्या.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा : पेट्रोल, हवा, ठिणगी आणि मग कार्बोरेटर. त्यामुळे पैसे वाचतील आणि गाडीही वाचेल.