समुद्रतळाचा गाळ वाचताना

कोअर, म्हणजे समुद्रतळातून नळात काढलेला गाळ, उघडला की डोळ्यांआधी नाकाला कळते. प्लॅस्टिकचा लांब नळ करवतीने उभा चिरतात, दोन फाकी हलकेच वेगळ्या करतात आणि सडक्या अंड्यांचा वास खोलीभर पसरतो. अरबी समुद्राच्या उतारावरचा हा गाळ काळपट हिरवा असतो. तिथे साधारण १५० ते १,२०० मीटर खोलीच्या पाण्यात प्राणवायू जवळपास नसतो, त्यामुळे वरून पडणारे जीवांचे अवशेष पुरते कुजत नाहीत.

एक फाक हात न लावता जपून ठेवतात. दुसरीच्या चपट्या पट्टीने सेंटिमीटर-सेंटिमीटरच्या चकत्या काढतात. एकेक चकती ६३ मायक्रॉनच्या चाळणीत घालून पाण्याच्या बारीक धारेखाली धरायची. चिखल वाहून जातो, जाळीवर पांढरट कण उरतात. हे कण म्हणजे फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची चुन्याची कवचे. सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलून जातीनुसार लावायचे. मान अवघडते, पण या कामाला दुसरा मार्ग नाही.

ही कवचे वर्षभर सारखी पडत नाहीत. १९८६ पासून अरबी समुद्रात नरसाळ्यासारखे सापळे टांगून पडणारे कण मोजले गेले, तेव्हा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत त्यांचे प्रमाण एकदम वाढलेले दिसले. वारे खालचे पोषक पाणी वर आणतात, प्लवक माजतात आणि त्यांचे अवशेष तळाकडे निघतात. म्हणूनच जुन्या पावसाळ्यांचा माग या चकत्यांतून काढता येतो.

किनाऱ्यापासून जितके खोल जावे तितका गाळ बारीक, असा आपला समज. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर तो टिकत नाही. पुळणीनंतर चिखल लागतो, तो साधारण ५०-६० मीटर खोलीपर्यंत. त्यापुढे पुन्हा वाळू! सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. पाणी चढत गेले तसा किनारा मागे सरकला आणि त्याची वाळू तिथेच राहिली. आजच्या नद्यांचा गाळ तिथवर फारसा पोहोचत नाही, म्हणून ती अजून उघडी आहे.

मध्य हिंदी महासागरात, पाच किलोमीटरहून खोल, चित्र आणखी बदलते. तिथे चुन्याची कवचे विरघळून जातात. उत्तरेकडे गंगा-ब्रह्मपुत्रेने आणलेली हिमालयाची माती, मधल्या पट्ट्यात रेडिओलॅरिया आणि डायटम यांच्या सिलिकामय कवचांचा चिखल आणि दक्षिणेला तांबडी माती. बंगालच्या उपसागराच्या माथ्याशी गाळाचा थर १६ किलोमीटरहून जाड आहे; इथे मात्र हजार वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर गाळ साचतो.

या मधल्या पट्ट्यावरच मँगेनीजचे गोटे पसरले आहेत. ते दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. त्यांच्या शोधासाठी भारताने २००२ मध्ये ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्राचा करार केला. त्यांतल्या निकेल-कोबाल्टची गरज खरी आहे, पण उपसण्याआधी एक प्रयोग विसरू नये. १९८९ मध्ये पेरूजवळच्या खोल समुद्रात शास्त्रज्ञांनी मुद्दाम तळ नांगरून पाहिला. २०१५ मध्ये पुन्हा पाहिले, तेव्हा नांगराचे चर तसेच होते.