केळ्यांचा पियानो

२००६ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन माटेओत पहिली मेकर फेअर, म्हणजे स्वतः वस्तू घडवणाऱ्यांची जत्रा, भरली. अशा जत्रांत पोरांची झुंबड उडवायची तर केळ्यांचा पियानो मांडावा. त्यामागे असतो २०१२ मध्ये आलेला, संगणकाला जोडायचा ‘मेकी मेकी’ बोर्ड. एका हातात ग्राउंडची तार, दुसऱ्याने केळ्याला स्पर्श, परिपथ पूर्ण! बोर्डावरचा रोध तब्बल २२ मेगओहम. त्यापुढे माणूस आणि केळं यांचा एकत्रित रोध किरकोळ, म्हणून व्होल्टेज घसरतं आणि संगणकाला कळ दाबल्यासारखं वाटतं. पाच व्होल्टला प्रवाह पाव मायक्रोअँपियरही नाही, म्हणजे धक्क्याची भीती नको. खरी कटकट वेगळीच: मुलं तार सोडतात, पियानो मुका होतो. टेबलाच्या कडेला ग्राउंडला जोडलेली धातूची पट्टी लावा. मनगटं आपोआप टेकतात.