जुन्या पीसीचा मदरबोर्ड : सील नव्हे, बोर्ड बघा

दहा-बारा वर्षं बिनतक्रार चाललेला पीसी एके दिवशी चालूच होत नाही. दुकानदार म्हणतो, ‘बोर्ड उडालाय.’ आत कोअर आय५-३४७०सारखा २०१२ सालचा प्रोसेसर असतो. हिशेब, टायपिंग, मुलांचा अभ्यास यांना तो आजही पुरतो, त्यामुळे फक्त बोर्ड बदलायचं ठरतं. मग ऐकीव माहितीवर पैसे जायला सुरुवात होते.

पीसी चालू झाला नाही की बोर्डच गेला, हा पहिला गैरसमज. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसून परत घट्ट बसवा. दुसरा पॉवर सप्लाय लावून बघा. तारीख-वेळ सारखी मागे जात असेल, तर सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपलेला असतो. एवढं केल्याशिवाय बोर्डसाठी खिशात हात घालू नका.

‘सॉकेट जुळलं की प्रोसेसर चालतो’ हे तर अर्धसत्य. आय५-३४७० एलजीए ११५५मध्ये बसतो. पण त्या सॉकेटचे २०११चे अनेक बोर्ड दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरसाठी निघाले होते. तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर ओळखायला त्यांना नवा बायोस लागतो आणि तो टाकायला बोर्ड आधी जुन्या प्रोसेसरवर चालू करावा लागतो. एलजीए ११५१ या सॉकेटची गोष्ट आणखी फसवी आहे. आय३-८१०० हा आठव्या पिढीचा प्रोसेसर एच११० बोर्डात नीट बसतो, पण चालत नाही, कारण पिनांची जोडणी बदललेली आहे. म्हणून घेण्याआधी बोर्डचा नेमका मॉडेल क्रमांक कंपनीच्या साइटवर टाका आणि तिथल्या प्रोसेसरांच्या यादीत आपला प्रोसेसर शोधा.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे ‘सीलबंद खोक्यातला तो नवा, सुटा तो जुनाट’. एलजीए ११५५च्या स्वस्त बोर्डांवरचा एच६१ चिपसेट २०११चा आहे आणि इंटेलने तो बनवणं कधीच थांबवलं आहे. आज ‘नवा’ म्हणून मिळणाऱ्या एच६१ बोर्डाची पट्टी नवी असली, तरी तिच्यावरची मुख्य चिप एक तर जुन्या साठ्यातली असते, नाही तर जुन्या बोर्डावरून काढलेली. बोर्डचा टिकाऊपणा ठरतो प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर. सॉकेटच्या कडेला गुंडाळ्यांचे चौकोनी ठोकळे, चपटे मॉस्फेट आणि कपॅसिटर असतात. पॉवर सप्लायचे १२ व्होल्ट उतरवून ते सुमारे एक व्होल्टवर आणायचे आणि ७७ वॉटच्या प्रोसेसरला साठ-सत्तर अँपिअरपर्यंत प्रवाह पुरवायचा, हे काम ते करतात. स्वस्त बोर्डात काटकसर नेमकी इथे होते : ठोकळे मोजके असतात आणि मॉस्फेटवर उष्णता काढणारी पट्टी नसते. मे महिन्यात, धूळ भरलेल्या कॅबिनेटमध्ये, असा बोर्ड किती टिकेल?

माझं मत स्पष्ट आहे. अनोळखी नावाच्या नव्या एच६१पेक्षा नावाजलेल्या कंपनीचा, नीट तपासलेला वापरलेला बी७५ घ्यावा. बी७५ हा त्याच सॉकेटचा चिपसेट तिसऱ्या पिढीबरोबर आला. त्यात यूएसबी ३.० आणि एक सहा गिगाबिटचा साटा पोर्ट चिपसेटमध्येच आहे. एच६१मध्ये दोन्ही नाहीत.

अर्थात नावाजलेली कंपनी म्हणजे डोळे मिटून घ्यावा असंही नाही. जानेवारी २०११मध्ये खुद्द इंटेलने मान्य केलं की त्यांच्या सहाव्या मालिकेच्या चिपसेटमधले तीन गिगाबिटचे साटा पोर्ट काळाच्या ओघात बिघडू शकतात. दुरुस्त आवृत्तीला बी३ म्हणतात. त्या मालिकेतला पी६७ किंवा एच६७ घेत असाल, तर ती खूण बघा. ऑफिसातून निघालेल्या ब्रँडेड पीसीचे बोर्ड मजबूत असतात, पण काहींची जोडणी वेगळी असते. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ९०२०ला नेहमीच्या २४ पिनांऐवजी ८ पिनांचा प्लग लागतो.

जुन्या बोर्डावर एसएसडी वाया जाते, असंही ऐकू येतं. तीन गिगाबिटच्या साटावरसुद्धा ती सेकंदाला साधारण अडीचशे मेगाबाइटच्या पुढे जाते आणि विखुरलेल्या लहान फायली वाचताना हार्ड डिस्क तिच्या जवळपासही येत नाही. रॅमबाबत मात्र सावध राहा. आठ जीबीच्या काही स्वस्त डीडीआर३ पट्ट्या फक्त एएमडी बोर्डावर चालतात.

वापरलेला बोर्ड हातात आला की मोबाइलचा टॉर्च तिरका धरून सॉकेट बघा. पिनांच्या रांगा एकसारख्या चमकायला हव्यात. जिथे चमक तुटते, तिथे पिन वाकलेली असते. फुगलेला कपॅसिटर, गंज किंवा हिटगनचे काळसर डाग दिसले, तर बोर्ड तिथेच परत द्या.

खर्चाला मर्यादा ठेवा, कारण विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे हे प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत. लिनक्स मात्र त्यांच्यावर छान चालतं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या की गावातल्या दुकानात, आपला प्रोसेसर आणि रॅम सोबत न्या. प्रत्येक रॅम स्लॉट, साटा आणि यूएसबी पोर्ट समोर चालवून घ्या आणि टेस्टिंग वॉरंटीचे दिवस बिलावर लिहून घ्या. विक्रेता बोर्ड चालू करून दाखवायला तयार नसेल, तर तो बोर्ड घेऊ नका.