नकाराचा हिशेब

सॉफ्टवेअर अभियंत्याच्या नोकरीची मुलाखत इतर बहुतेक पांढरपेशा नोकऱ्यांच्या मुलाखतींहून वेगळी असते, कारण तिच्यात उमेदवाराने आजवर काय काम केले यापेक्षा समोरच्या व्यक्तीच्या देखत, ठरलेल्या मिनिटांत, त्याला काय करून दाखवता येते याला अधिक वजन दिले जाते. प्रथम संगणकावर घेतली जाणारी चाळणी परीक्षा, नंतर दोन-तीन तांत्रिक फेऱ्या, अनुभवी उमेदवारासाठी संपूर्ण प्रणालीची आखणी मांडण्याची फेरी आणि शेवटी पगाराची व रुजू होण्याच्या तारखेची बोलणी करणारी एचआर फेरी, असा तिचा साधारण क्रम असतो. यातील तांत्रिक फेऱ्यांचा गाभा म्हणजे उमेदवार ज्याला ‘डीएसए’ म्हणतात तो विषय, म्हणजे माहिती संगणकाच्या स्मृतीत कशी रचून ठेवावी आणि तिच्यावर कमीत कमी पायऱ्यांत काम कसे उरकावे याचे शास्त्र.

नवख्या उमेदवारांना हमखास विचारला जाणारा एक प्रश्न पाहिल्यास या फेरीचे स्वरूप उलगडते. संख्यांची एक यादी दिलेली असते आणि जिची बेरीज एका ठरावीक संख्येइतकी होईल अशी जोडी त्या यादीतून शोधायची असते. सरळ मार्ग असा की, प्रत्येक संख्या उरलेल्या प्रत्येक संख्येशी जोडून पाहावी. परंतु यादीत एक लाख संख्या असतील, तर अशा सुमारे पाचशे कोटी जोड्या तपासाव्या लागतात. उमेदवाराने हा मार्ग सांगताच मुलाखतकार ‘ऑप्टिमाइझ करता येईल का?’ असे विचारतो, आणि अपेक्षित उत्तर असे असते की, यादी एकदाच वाचत जावी, वाचलेली प्रत्येक संख्या ‘हॅश मॅप’ नावाच्या, शोध जवळजवळ तत्काळ लागेल अशा रचनेत टिपून ठेवावी आणि प्रत्येक नव्या संख्येला पूरक असलेली संख्या आधी येऊन गेली आहे का एवढेच पाहावे. पाचशे कोटींचे काम अशा रीतीने लाखभर पायऱ्यांत आटोपते. युक्ती सुंदर आहे, यात शंका नाही. मात्र ज्याने हा प्रश्न पूर्वी सोडवला आहे तो तीन मिनिटांत उत्तर देतो, ज्याने सोडवलेला नाही तो घाम पुसत बसतो, आणि दोघांच्या बुद्धीत काय फरक आहे हे त्या तीन मिनिटांवरून कळत नाही.

या पद्धतीच्या आधी कोड्यांचा काळ होता. मॅनहोलची झाकणे गोल का असतात, यांसारखे प्रश्न विचारण्यासाठी मायक्रोसॉफ्ट प्रसिद्ध होती आणि अनेक कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. पुढे 2013 मध्ये गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी अशी कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय असल्याचे जाहीरपणे सांगितले. कोडी मागे पडली, पण त्यामागचे गणित बदलले नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये काम केलेले जोएल स्पोल्स्की यांनी 2000 साली लिहिलेल्या आणि या क्षेत्रात अतिशय वाचल्या गेलेल्या एका लेखात ते गणित स्पष्ट मांडले होते. चुकीचा माणूस घेतल्यास त्याच्या चुका निस्तरण्यात इतरांचा वेळ व कंपनीचा पैसा जातो, म्हणून शंका असल्यास चांगल्या उमेदवारालाही नाकारलेले परवडते, असा त्या मांडणीचा आशय आहे. कंपनीच्या बाजूने पाहता हा युक्तिवाद बिनतोड आहे, विशेषतः जिच्या दारात एका जागेसाठी शेकडो अर्ज येऊन पडतात तिच्या बाजूने. परंतु त्यात चुकीच्या नकाराचा खर्च शून्य धरलेला आहे, आणि तो शून्य नसून केवळ उमेदवाराच्या खात्यावर टाकलेला आहे, ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

या खर्चाचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण 2015 मधील आहे. मॅक संगणकांवर सॉफ्टवेअर बसवण्यासाठी जगभरचे अभियंते ‘होमब्रू’ नावाचे साधन वापरतात. त्याचे निर्माते मॅक्स हॉवेल यांना गूगलने नाकारले, तेव्हा त्यांनी उघडपणे तक्रार केली की, कंपनीतील बहुसंख्य अभियंते आपले साधन वापरत असूनही, फळ्यावर ‘बायनरी ट्री’ उलटवून दाखवता आली नाही म्हणून आपल्याला परत पाठवण्यात आले. प्रत्येक बिंदूतून जास्तीत जास्त दोन फांद्या फुटणाऱ्या रचनेला बायनरी ट्री म्हणतात आणि ती उलटवणे म्हणजे प्रत्येक ठिकाणच्या डाव्या-उजव्या फांद्यांची अदलाबदल करणे. काम चार-पाच ओळींचे आहे, पण रोजच्या नोकरीत ते करण्याची वेळ क्वचितच येते. हॉवेल यांची बाजू एकांगी होती हे मान्य केले, तरी अनेक अनुभवी अभियंत्यांना त्या तक्रारीत स्वतःची हकिगत दिसली.

नजरेखाली विचार करावा लागण्याचा परिणाम किती होतो, हे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून दिसते. संगणकशास्त्राच्या 48 विद्यार्थ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी मुलाखतकारासमोर फळ्यावर, मनातले विचार मोठ्याने बोलत प्रश्न सोडवला, तर उरलेल्यांना तोच प्रश्न एकांत खोलीत सोडवण्यास दिला. तेव्हा नजरेखाली असलेल्यांची कामगिरी निम्म्याहूनही खाली घसरली. या गटातील एकाही स्त्रीला प्रश्न सोडवता आला नाही, तर एकांतातील सर्व स्त्रियांनी तो सोडवला. स्त्रियांची संख्या थोडी असल्याने यावरून मोठा सिद्धांत उभा करणे योग्य नव्हे, पण ही फेरी कौशल्याइतकीच धीटपणाची परीक्षा घेते, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याच्या बाबतीत या ओझ्यात आणखी भर पडते. लातूर, अमरावती किंवा जळगावच्या महाविद्यालयात कॅम्पससाठी कंपनी येते तेव्हा दहावीपासून साठ टक्के आणि केटी, म्हणजे नापास राहिलेला विषय, शिल्लक नसणे या अटींवरच बरीच मुले गळतात. जी उरतात त्यांच्यात मेकॅनिकल आणि सिव्हिलची मुलेही असतात, कारण त्यांच्या शाखेच्या नोकऱ्यांपेक्षा आयटीच्या जागा जास्त असतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला प्रश्न सोडवायचा असतो, सोडवताना बोलत राहायचे असते आणि ते बोलणे इंग्रजीत करायचे असते. त्यामुळे ‘हे आधी सॉर्ट करून घेऊ’ एवढे मनात चटकन येऊनही त्याचे वाक्य जुळवताना तो गप्प होतो, आणि त्या शांततेची नोंद मुलाखतकाराच्या कागदावर ‘कम्युनिकेशन कच्चे’ अशी होण्याचा धोका असतो.

यानंतर येतो तो निकालाचा काळ, ज्याविषयी उमेदवारांची तक्रार सर्वांत तीव्र असते. नकार कळवणारी ठोकळेबाज ईमेल आली तरी नशीब, कारण पुष्कळदा काहीच येत नाही. कारण सांगितल्यास वाद वाढतील या भीतीने बहुतेक कंपन्या ते सांगण्याचे टाळतात, आणि काही मोठ्या कंपन्यांत सहा महिने ते वर्षभर पुन्हा अर्जही करता येत नाही. कुठे चुकले हे न कळल्यामुळे उमेदवार ‘सगळेच’ पुन्हा तयार करू लागतो. या गरजेवर एक मोठा व्यवसाय उभा राहिला आहे. गेल लाकमन मॅकडॉवेल यांचे मुलाखतीच्या तयारीचे पुस्तक 2008 मध्ये आले, पुढे लीटकोडसारख्या संकेतस्थळांवर सरावाचे हजारो प्रश्न जमा झाले, ‘ब्लाइंड 75’ ही निवडक प्रश्नांची यादी भारतातल्या वसतिगृहांतही पाठ होऊ लागली. नोकरीत असलेला माणूस दिवसभराचे काम संपवून रात्री असे प्रश्न सोडवत बसतो, आणि सराव जितका सार्वत्रिक होतो तितके मुलाखतीतले प्रश्न अवघड होत जातात, त्यामुळे सर्वांचे कष्ट वाढूनही कोणाचे स्थान फारसे पुढे सरकत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने या व्यवस्थेला अलीकडे चांगलाच हादरा दिला आहे. ऑनलाइन मुलाखत चालू असताना मुलाखतकाराला न दिसता पडद्यावर उत्तर पुरवणारी साधने निघाल्यामुळे घरी बसून दिलेल्या फेरीवर कंपन्यांचा विश्वास उरलेला नाही, आणि 2025 मध्ये गूगलचे प्रमुख सुंदर पिचई यांनीही किमान एक फेरी प्रत्यक्ष भेटीत घेण्याची भूमिका मांडली. फसवणूक रोखण्याच्या दृष्टीने हा उपाय समजण्याजोगा आहे. मात्र कोविडनंतर रूढ झालेल्या ऑनलाइन फेऱ्यांमुळे नांदेडच्या किंवा चंद्रपूरच्या उमेदवाराची पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कला येण्याची रात्रभराची खेप, बसचे भाडे आणि पुण्यातल्या ओळखीच्या घरी मुक्काम मागण्याचा संकोच वाचू लागला होता, आणि प्रत्यक्ष फेरी परत आल्यास हा सारा खर्च, बहुतेक ठिकाणी, पुन्हा त्यालाच करावा लागेल.