माणसं पुढे, माल मागे

पाथर्डीहून नगरला निघालेल्या एसटीच्या टपावर पूर्वी पोती, पेट्या, भाजीच्या पाट्या चढायच्या आणि खाली माणसं बसायची. एकाच फेरीत दोन्ही भाडी. हाच हिशेब बोइंग कंपनीने जम्बो जेटमध्ये उतरवला. फरक एवढाच की विमानाच्या टपावर काही ठेवता येत नाही, म्हणून माल प्रवाशांच्याच मजल्यावर, त्यांच्या पाठीमागे आला. पुढे खुर्च्या, मग आडवी भिंत, भिंतीपलीकडे शेपटीपर्यंत माल. या प्रकाराला ‘कॉम्बी’ म्हणतात.

असं एक विमान नेदरलँड्समधल्या लेलिस्टाडच्या एव्हिओड्रोम संग्रहालयात उभं आहे. केएलएम कंपनीचं हे बोइंग ७४७-२०० विमान, नाव ‘लुई ब्लेरिओ’. १९७८ मध्ये ते कंपनीच्या ताफ्यात आलं. पुढे त्याचा वरचा मजला कापून सात मीटरने लांबवला गेला. विकून झालेलं विमान परत कारखान्यात नेऊन त्याचं कुबड वाढवायचं, हा उद्योग फार थोड्या कंपन्यांनी केला. निवृत्तीनंतर २००४ मध्ये ते लेलिस्टाडला आलं, पण उडत नव्हे. तिथली धावपट्टी जम्बोला पुरणारी नव्हती. पंख आणि शेपूट उतरवून धड बार्जवर चढवलं आणि पाण्याच्या वाटेने नेलं.

मुळात ७४७ चं ते कुबडही मालासाठीच आहे. साठच्या दशकात सगळ्यांना वाटत होतं की लवकरच प्रवासी स्वनातीत विमानांनी जातील आणि जम्बोकडे माल वाहण्याचं काम उरेल. नाक उघडून सरळ माल आत सारता यावा, म्हणून बोइंगचे अभियंते जो सटर यांच्या चमूने वैमानिकांची केबिन वर नेली. तो अंदाज चुकला, पण विमान टिकलं.

कॉम्बीचा खरा पराक्रम डाव्या पंखामागच्या दारात आहे. सुमारे तीन मीटर उंच आणि ३.४ मीटर रुंद. प्रवाशांची दारं आतून चौकटीत रुतून बसतात, त्यामुळे हवेचा दाब त्यांना आणखी घट्ट करतो. एवढं मोठं मालाचं दार मात्र बाहेर उघडावं लागतं. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर आतला आणि बाहेरचा दाब यांत अर्ध्याहून जास्त वातावरणाचा फरक असतो. म्हणजे या एका दारावर आतून पन्नास टनांहून अधिक रेटा. तो सगळा कड्यांनी पेलायचा. शिवाय एवढं भोक पाडल्यावर भोवतालचा सांगाडा बळकट करायचा, मालाखालची जमीन मजबूत करायची आणि मागच्या वजनाने विमानाचा तोल जाणार नाही इतकं मोजून भरायचं.

तरी कॉम्बीचा घात केला तो आगीने. २८ नोव्हेंबर १९८७ रोजी तैपेईहून मॉरिशसमार्गे जोहान्सबर्गला निघालेलं साउथ आफ्रिकन एअरवेजचं ‘हेल्डरबर्ग’ हे कॉम्बी विमान मॉरिशसजवळ समुद्रात कोसळलं. १५९ जण गेले. मागच्या मालात आग लागली होती. ती कशाने लागली हे आजवर नक्की झालेलं नाही. नियम असा होता की धूर दिसला की कर्मचाऱ्याने विझवण्याचं नळकांडं घेऊन मालकक्षात शिरायचं. छतापर्यंत रचलेल्या, प्लॅस्टिकने झाकलेल्या मालात! तिथला दाब थोडा कमी ठेवलेला असे, म्हणजे हवा प्रवाशांकडून मालाकडे वाहील आणि धूर पुढे येणार नाही. कागदावर हे ठीक होतं. पण मोठ्या आगीत तापलेली हवा फुगते, तिचा दाब वाढतो आणि प्रवाह उलटतो. चाचण्या झाल्या होत्या त्या फिकट धुरावर. यानंतर नियम इतके कडक झाले की कॉम्बी चालवणं महाग पडू लागलं.

आणि याच सुमाराला, १९८८ मध्ये, एअर इंडियाने दोन ७४७-३०० कॉम्बी घेतली. नावं ‘शिवाजी’ आणि ‘नरसिंह वर्मन’. मुंबईच्या आकाशात ‘शिवाजी’ वर्षानुवर्षं दिसलं, पण ते आज कुठल्याही संग्रहालयात नाही. जागा नव्हती, हे कारण मला पटत नाही. पाथर्डीपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर, त्याच नगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, लष्कराने देशोदेशीचे रणगाडे १९९४ पासून जपले आहेत. रणगाडा उन्हापावसात दणकट राहतो. विमानाच्या अ‍ॅल्युमिनियमला मात्र गंज आतून पोखरतो आणि त्याचे सुटे भाग विकून पैसेही येतात. जपणं तोट्याचं, मोडणं फायद्याचं. त्यामुळे कुणीतरी हट्ट धरल्याशिवाय विमान वाचत नाही.

नियम कडक झाले तरी केएलएमने मात्र कॉम्बी लगेच सोडली नाही. त्यांच्या ७४७-४०० कॉम्बींनी मार्च २०२० मध्ये प्रवासी सेवा थांबवली आणि काही आठवड्यांतच, कोरोनाकाळात, चीनहून वैद्यकीय साहित्य आणायला त्यांना परत बोलावलं गेलं. या फेऱ्यांत विमानं मालासाठीच उडाली, पुढच्या भागात प्रवासी नव्हते.